तगरीवरचा हिरवा पतंग

११ ऑगस्ट, अंबड

तगर पार बोडकी केली आळ्यांनी! देवाला फूल नाही. अंगण झाडता झाडता पुष्पाबाई म्हणाली, "सगळं झाड खाऊन राह्यल्या, काकू. मारू का?" सूनबाई रितिका तर फवाराच घेऊन आली.

मारू दिलं नाही. ह्यांची खाट ओसरीत, तगरीसमोर. अर्धांगाचा झटका आल्यापासून हे एक शब्द बोललेले नाहीत, कशाकडे नीट बघतही नाहीत. त्यातल्या एका आळीकडे मात्र टक लावून बघत होते! बोटाएवढी जाड, हिरवीगार, मानेजवळ दोन निळे डोळे. खोटेच — पण वटारलेले माझ्यावर.

बघू देत. फुलं बाजारात मिळतात.

१४ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईलही, न येईलही." हे काय सांगणं झालं?

आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ह्यांची टकळी सुरू व्हायची. नवं कापड दिसलं की चिमटीत धरून — "माल कुठला?" रितिकाच्या लग्नात तर व्याह्यांच्या कोटाची बाहीच धरली! मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. आता घर कसं गप्प आहे. नको मला हे गप्प घर.

१९ ऑगस्ट

आळी तपकिरी पडली, खाली उतरून वाळक्या पानांत शिरली. रितिका म्हणते, कोष करणार. पुष्पाबाईला बजावलं — तिथे झाडू लावायचा नाही!

२ सप्टेंबर

रोज ह्यांना सांगते, "येईल हो बाहेर." आज मी न्हाणीत नळ सोडून रडले.

५ सप्टेंबर

आला! सकाळी तगरीच्या खोडावर बसलेला. मेहंदी रंगावर पिस्ता, मधूनच फिकट गुलाबी पट्टा, पोत मखमलीचा. असलं कापड आमच्या दुकानात कधी आलं नाही! रितिकाने मोबाइलवर शोधलं, "मम्मीजी, हा आफ्रिकेपासून आशियाभर सापडतो. खूप लांब उडत जातो म्हणे." इंग्रजी नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही.

काटकीवर घेऊन खाटेपाशी आणला. ह्यांनी बघितलं, डोळे मिटले. बस्स, एवढंच. "थकले असतील," रितिका म्हणाली. मी स्वयंपाकाला लागले. पतंग दिवसभर उशाजवळच्या भिंतीवर बसून होता.

५ सप्टेंबर, दिवेलागण

पतंगाने पंख थरथरवले. ह्यांचा डावा हात उठला. अंगठा नि बोट एकमेकांवर घासलं, आणि —

"मा...ल... कुठला?"

"लांबचा आहे हो," म्हटलं. "खूप लांबचा!"