कॉलर पलटायला दिलेल्या शर्टाविषयी

तीर्थरूप मामांना,

मशीनवरून उठून, हातातली सुई बाजूला खोचून केलेला नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? मामींचा खोकला काय म्हणतो? आम्ही मजेत आहोत. तुमचा निळा शर्ट पोचला. मी विमान चालवायला शिकतोय हे कळल्यापासून आठ महिने माझा फोन आला की तुम्ही तो मामींच्या हातात देता. तेव्हा कॉलर पलटायला का होईना, शर्ट माझ्याकडेच पाठवलात याचा फार आनंद झाला. कॉलर झकास पलटली आहे. (उरलेल्या शर्टाबद्दल शेवटी लिहितो.)

तुम्हाला वाटतं तसं माझं डोकं फिरलेलं नाही. फ्लाइंग क्लबचे गणवेश आणि विमानांची आवरणं मी शिवायची, त्या बदल्यात तिथल्या बाईंनी मला शिकवायचं, एवढंच आमचं ठरलंय. बाई काय चीज आहे हे तुम्ही एकदा पाहायलाच हवं. समोरचं दिसायला त्यांना खाली उशी लागते (मीच शिवली, दुहेरी शिलाईची), पण आवाज म्हणून कधी चढत नाही. इतकी वर्षं उडवूनही रोज यादी हातात धरून एकेक ओळ मोठ्यानं वाचतात, बोट लावून तपासतात, पंखाखालून काचेच्या नळीत थोडं इंधन काढून त्यात पाणी तर नाही ना, ते उजेडात धरून बघतात. मी एकदा म्हटलं, एव्हाना पाठ झालं असेल की. तर म्हणाल्या, पाठ झालंय म्हणूनच वाचते. मामा, कात्री लावण्याआधी पुन्हा माप घ्यायला लावणारं तुमच्यानंतर मला हे दुसरं माणूस भेटलं.

आता माझे प्रताप. जमिनीवर विमान पायांनी वळवतात, त्यासाठी खाली दोन पेडल असतात. तीस वर्षं पायमशीन चालवलेल्या माणसाच्या पायाखाली पेडल आले की काय होणार? मी जरा घाबरलो की पाय आपोआप शिवायला लागतात. पहिल्या दिवशी विमान धावपट्टीवर असं शेपूट हलवत निघालं की टॉवरमधल्या माणसानं रेडिओवर विचारलं, विमानात काही बिघाड आहे का. बाईंनी शांतपणे कळवलं की विमान उत्तम आहे, आत शिंपी आहे. मग मला घरचा अभ्यास मिळाला: रोज दहा मिनिटं मशीनसमोर बसायचं, पाय पेडलवर ठेवायचे आणि हलवायचे नाहीत. तीन दिवस मी मशीनकडे नुसता बघत बसलेला पाहून तुमच्या भाचेसुनेनं शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं.

गेल्या मंगळवारी तीन वेळा नीट उतरवल्यावर बाईंनी विमान थांबवायला लावलं, पट्टा सोडला, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "एक फेरी मारून या. मी तोवर चहा घेते." दार लागलं. शेजारी नुसती उशी. खरं सांगतो मामा, मला रडू यायचंच बाकी होतं. यादी मोठ्यानं वाचली आणि घाबरून उत्तरंही बाईंच्या आवाजात मीच दिली. बाईंचं वजन नसल्यामुळे विमान भसकन वर गेलं, आणि उतरायच्या वेळी, धावपट्टी समोर दिसत असताना, माझे पाय चालायला लागले. तेव्हा आठवलं: मी लहानपणी मशीन पळवायला लागलो की तुम्ही गुडघ्यावर हात ठेवायचात. "पाय थांबव. कापड कुठं पळून जात नाही." पाय थांबले. विमान दोनदा उसळलं, पण सरळ रेषेत उसळलं. खाली बाई उभ्या होत्या. हातातला चहा तसाच, वर साय धरलेली. त्यांनी एक घोटही घेतला नव्हता.

पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या शर्टाचा पाठीकडचा खालचा घेर कापून क्लबच्या भिंतीवर लावायची तिथं रीत आहे. त्यांनी कागद कापायची बोथट कात्री आणली. माझ्यानं बघवेना. मी पिशवीतून माझी कात्री काढून दिली, खडूनं सरळ रेघही मारून दिली.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
भाचा

ता. क. तो शर्ट तुमचा होता. कॉलर कशी बसते ते बघायला त्या मंगळवारी सकाळी अंगात घातला आणि काढवेनाच. तुमच्या हातची शिलाई कधी उसवलेली मी पाहिली नाही, तेवढाच धीर. मला क्षमा करा. खालून नवी पट्टी जोडून दुमडली आहे, आत खोचलात तर कळणार नाही.

ता. क. दुसरा. बाजूच्या शिवणीवर कात्री अडली. बाईंनी कापड उलटं करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, कुणाच्या हातचं? भिंतीवर फक्त उडणाऱ्याचं नाव लिहितात. बाईंनी माझ्या नावाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "शिवण: मामांची".

ता. क. तिसरा. चार महिन्यांत परवाना मिळेल. पहिले प्रवासी तुम्ही. वजन खरं कळवा (मामींकडून ताडून घेईन). बसायचं माझ्या शेजारी, उशीवर. बोलायची इच्छा नसेल तर बोलू नका, पण पाय चालायला लागले तर गुडघ्यावर हात ठेवा.