शेळ्यांच्या पुस्तकाआधीचा आवाज

झोंबा, १९ जून

प्रिय तियांजाने,

आमच्या वाचनालयाच्या चिसाले साहेबांनी पाठवलेला फॉर्म तुला जोहान्सबर्गला पोचला असेल. त्यावर अजून सही करू नकोस. कधीच करू नकोस असं नाही म्हणत, आधी हे वाच एवढंच. साहेब रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन विचारतात, "आत्या, मास्तरांच्या लेकीचं काही कळलं?" मी म्हणते, पोस्ट आहे साहेब, मिनीबस नव्हे दारातून हाका मारून बोलवायला. पण त्यांचीही घाई खोटी नाही. महिनाअखेरपर्यंत तुझी सही आली नाही तर यंत्राला बोलायला शिकवणारी लिलोंग्वेची ती मंडळी आपली यंत्रं उचलून दुसऱ्या कुठल्या भाषेकडे वळतील, आणि चिचेवाची पाळी पुन्हा कधी येईल कोण जाणे.

इकडे जूनची थंडी पडली आहे. चार दिवस डोंगरावरून धुकं उतरतंय, दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. तुमच्या घरातली भाडेकरीण भली बाई आहे. दर रविवारी मला वाळक्या मासळीचं कालवण पाठवते. मीठ घालताना तिचा हात जरा सैल सुटतो, पण फुकट मिळतंय तर कोण तोंड वर करून बोलणार. तुझ्या आईच्या थडग्यावरचं गवत मी एप्रिलमध्ये काढवून घेतलं. दोन वर्षं झाली तिला जाऊन, तरी तुमच्या फाटकाशी आले की मी अजून तिला हाक मारते.

फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते साहेबांच्या भाषेत तुला कळलं नसेल, म्हणून सरळ सांगते. आमच्या वाचनालयातल्या कॅसेटींवर तुझ्या बाबांनी वाचलेली एकशे ऐंशी पुस्तकं आहेत. ते नाहीत, म्हणून परवानगी तुझी लागते. तो आवाज यंत्राला शिकवला की यंत्र त्या आवाजात वाटेल ते पुस्तक वाचू शकतं. आज छापलेलं पुस्तक आज संध्याकाळी ऐकायला मिळेल. माझ्यासारख्या जन्मापासून आंधळ्या माणसांनाच नव्हे. शाळेत ती लिनेस आहे ना, जिला दिसतं सगळं पण अक्षरं डोळ्यांसमोर नाचतात, शिक्षक तिला मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवतात, तिला पण. बांधकामावरून पडून दोन्ही हात निकामी झालेला बांदा, त्याला पान उलटता येत नाही, त्याला पण. आंधळ्या पोरांच्या शाळेत आज सहा जणांत मिळून एक ब्रेल पुस्तक आहे. परीक्षा आली की त्या एका पुस्तकावरून मारामाऱ्या होतात, बोटं चिरडली जातात. हे सगळं थांबेल. मी चाळीस वर्षं ह्याच दिवसाची वाट पाहत होते.

आता मास्तरांचं. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस, शाळा सुटली की आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर येऊन बसायचीस. आत भिंतींना घोंगड्या टांगलेल्या, मध्ये तुझे बाबा, आणि शेजारच्या खोलीत कानांना हेडफोन लावून मी. ते वाचायचे, मी तपासायचे. कोंबडा आरवला, पत्र्यावर पाऊस आला, पान उलटल्याचा आवाज आला, शब्द गाळला, की मी ब्रेल पाटीवर टोचून ठेवायची आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावायची. कॅसेटची बाजू संपली की ते म्हणायचे, "चला मंडळी, कॅसेट उलटा, आणि उठलाच आहात तर चहाचं आधण पण ठेवा." हे पुस्तकात नसायचं. नियमाप्रमाणे मी ते काढायला हवं होतं, कधीच काढलं नाही.

दुसरा एक नियम होता, आणि तो मात्र मी कधी मोडू दिला नाही. वाचणाऱ्यानं ऐकणाऱ्याशी वाद घालायचा नाही. ऐकणारी म्हणाली चूक, म्हणजे चूक. डोळसांच्या दुनियेत आमचा शब्द चालणारी ती एवढीच जागा होती गं, आणि मी तिथं राणीसारखी बसायचे. सगळे म्हणायचे, एनेलेसचा कान म्हणजे कान. मुंगी शिंकली तरी ती लिहून ठेवेल.

गेल्या महिन्यात लिलोंग्वेहून आलेल्या मुलीनं मला सांगितलं, यंत्राला फक्त स्वच्छ आवाज हवा, तेव्हा कुठपर्यंतच्या कॅसेटी चांगल्या ते तुम्ही ठरवा, कारण तुमच्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नाही. शेवटी शेवटी मास्तरांचा आवाज कसा झाला होता ते तुला आठवत असेल. म्हणून मी तीन आठवडे बसून सगळं पहिल्यापासून ऐकलं. आधी वाटलं, शेवटची चार पुस्तकं तेवढी बाजूला काढावी. मग त्याआधीचं ऐकलं तर त्यातही ती खरखर होती. त्याच्याआधीच्यातही होती. रोज सकाळी मी रेष मागे सरकवायची आणि दुपारपर्यंत ती आणखी मागे जायची. घरी जाताना रस्त्यावर कुणी खाकरलं तरी माझे पाय थांबायचे. शेवटी मी पोचले शेळीपालनाच्या पुस्तकापाशी. पाचवा धडा, शेळ्यांचे आजार. तिथं पहिल्यांदा त्यांच्या आवाजाच्या तळाशी काहीतरी घासतं. धड्यात मास्तर सांगताहेत की जनावर खोकू लागलं तर दिवस घालवू नका, आणि ते सांगतानाच घासतंय.

तियांजाने, ती खरखर मला गेल्या महिन्यात पहिल्यांदा ऐकू आली असं नाही. मास्तर तो धडा वाचत होते त्याच दिवशी मी ती ऐकली होती. माझी जुनी ब्रेल नोंद काढून बोटं फिरवली. तारीख आहे, मिनिट आहे, आणि पुढे टोचलंय, "यंत्राचा दोष." मी स्पिरिटच्या बोळ्यानं कॅसेटयंत्र पुसलं. माइक बदलला. मग मीच म्हणाले, कॅसेटीच निकृष्ट आल्यात, आणि सात धडे त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतले. ते हसत म्हणाले, "अगं, यंत्राला कशाला दोष देतेस, माझाच घसा ओढतोय. बुधवारी दवाखान्यात जाऊन येतो." मी म्हणाले, "मास्तर, घसा आणि यंत्र यातला फरक मला कळत नाही का? बुधवारी नव्या कॅसेटी यायच्यात, पुस्तक रखडलंय, काही जायचं नाही." आणि ते गेले नाहीत. स्वतःच्या घशापेक्षा त्यांनी माझ्या कानावर विश्वास ठेवला, कारण नियम माझा होता. त्यानंतर आठ महिने वाचत राहिले. मी त्यांना चिडवायची सुद्धा, काय मास्तर, बेडूक गिळला काय. ब्लांटायरच्या डॉक्टरांनी घशातली गाठ पाहिली तेव्हा एवढंच विचारलं म्हणे, की इतके दिवस कुठं होतात.

अंत्यविधीला तुझी आई माझा हात धरून रडत होती. म्हणत होती, "आम्हाला घरात कुणालाच कसं कळलं नाही हो आत्या? मी बायको असून मला कळलं नाही." मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले. पुढे तेरा वर्षं ती मला दर नाताळला भात आणि कोंबडी खाऊ घालत राहिली, मी खात राहिले. ती स्वतःला बोल लावत गेली, आणि मी तेही तसंच होऊ दिलं. याची मला लाज वाटते. आता ती नाही, तेव्हा हे ऐकण्याचा हक्क तुझा.

आता खरं ते लिहिते. नमुना म्हणून त्या मुलीनं थोड्या कॅसेटींवरून आवाज तयार करून माझ्या कॉम्प्युटरवर घातला आहे. पहिल्या दिवशी त्यानं पाणी बंद राहणार असल्याची नोटीस वाचली. तेच मास्तर, तोच दम घेणं, आणि घसा अगदी मोकळा. चिसाले साहेब टाळ्या वाजवत होते, मी खुर्चीला धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी दार लावून टाइप केलं, "एनेलेस तुझी काही चूक नाही." त्यानं ते नोटिशीसारखं वाचून टाकलं. मग माझ्या नावापुढे स्वल्पविराम घातला, म्हणजे ते जरा थांबतील. मग "अगं" घातलं. अकराव्या वेळी ते इतकं त्यांच्यासारखं झालं की मी मोठ्यानं रडले, आणि रडता रडताच कळलं की हा आवाज मी म्हणेन ते म्हणेल. मी ते पुसून टाकलं, पण पुसलेलं माझ्या कानात रोज वाजतं. फॉर्मचं तू ठरव. लिनेससाठी तू सही करावीस असं मला वाटतं, आणि माझ्यासाठी करू नयेस असंही वाटतं. मी सांगितलेल्या गोष्टीची शिक्षा पोरांना देऊ नकोस, आणि सही केलीस म्हणून मला माफ केलंस असंही मी धरणार नाही. मागायचं आहे ते एवढंच, की मला उत्तर लिहू नकोस. इथं आलेला प्रत्येक कागद आता कॉम्प्युटरवर चढतो आणि तोच आवाज मला तो वाचून दाखवतो. तू शिव्या लिहिल्यास तर त्या मास्तर देतील, आणि माफी लिहिलीस तर तीही तेच देतील, आणि माझ्या ह्या कानाला त्यातलं तुझं काय ते कधीच कळणार नाही. म्हणून फोन कर, पोरी. काय वाटेल ते बोल, पण तुझ्या तोंडानं बोल.

तुझीच,
एनेलेस आत्या