मध्यरेषा

११ जानेवारी २०१२, बुधवार

शालिग्रामच! फाईलवरचं नाव वाचायच्या आधी ओळखलं. तीच बारीक मिशी, कानात अत्तराचा बोळा. लोणारच्या स्टँडसमोरचा बियाणेवाला. जिभेचा कॅन्सर. जिभेचा!

त्यानं मला ओळखलं नाही. "तुमी कोन्या गावच्या, बाई?" सुलतानपूर म्हटलं. "मंग तं घरच्याच! सुलतानपूरचं लय गिऱ्हाईक माह्याकडं."

हो. त्यातलंच एक माझा भाऊ देवेश.

१२ जानेवारी

पाच वर्षांपूर्वी आमच्या कपाशीला बोंडंच धरली नाहीत. बीटी म्हणून शालिग्रामनं भलतंच बियाणं दिलं होतं. देवेश झाडं उपटून त्याच्या दुकानात घेऊन गेला. बाजारचा दिवस. शालिग्राम सगळ्यांदेखत हसला — "बियानं नाही बे, पेरनारा बोगस!"

देवेशची बस गावात पोचायच्या आधी शब्द पोचला. पोरं हाका मारायची — "ओ बोगसभाऊ!" ठरलेलं लग्न मोडलं. मुलीचा बाप म्हणाला, "बोगसले पोरगी देऊ का?" देवेश सुरतेला यंत्रमागावर कामाला गेला. दिवाळीलाही येत नाही.

१८ जानेवारी, बुधवार

बैठक. शस्त्रक्रियेआधी आम्ही तिघं बसतो. डॉ. आसिम कापणारे, भार्गवी किरणोपचाराची, मी एमआरआय वाचणारी. पेशंटला तपासून बाहेर बसवतात. मग आसिम मला एकच विचारतात — "ओलांडली?" म्हणजे, गाठीनं जिभेची मध्यरेषा ओलांडली का? नसेल तर अर्धी जीभ काढायची. उरलेल्या अर्ध्यानं माणूस बोबडं का होईना, बोलतो. ओलांडली असेल तर सगळी.

फिल्म धूसर होती. मशीनच्या आत असताना तो आवंढा गिळत राहिला असेल. गाठ रेषेपर्यंत दिसत होती. पलीकडे काही नाही. म्हणायला हवं होतं — नक्की सांगता येत नाही, पुन्हा काढा.

"ओलांडली," मी म्हणाले.

"नक्की? मला तर —" भार्गवी.

"त्या म्हणतात ना," आसिम म्हणाले.

संपलं. पुढे कोणी बोललं नाही. लोणारच्या बाजारात तरी कोण बोललं होतं!

२० जानेवारी

त्यानं मला व्हरांड्यात गाठलं. "आसिम डॉक्टर म्हनते, जीभ पुरी जाईन. बाई, तुमी सांगा. तुमी आपल्या गावाकडच्या. माहं दुकानच बोलन्यावर चालते."

अजूनही फिरवता आलं असतं. "ते सांगतात तेच बरोबर," म्हटलं.

"तुमी म्हनता तं हाव."

घरी येऊन पोटभर जेवले.

२४ जानेवारी

वॉर्डात त्याची बायको अन्नपूर्णाबाई मोबाइल त्याच्या तोंडाशी धरून बसलेली. आवाज भरून घेत होती.

"नातीचं नाव घ्या. आता माहं घ्या."

"लग्न झाल्यापासून घेतलं नाही, आता काऊन?"

"घ्या म्हनते ना!"

त्यानं घेतलं. लाजला! शेजारच्या खाटेवरचे हसले. मी फाईल चाळत उभी. आता देवेशचं नाव घे, असं सांगावंसं वाटलं. खरं नाव.

२५ जानेवारी

झालं. सगळी काढली.

२६ जानेवारी

देवेशला फोन केला. शालिग्रामची जीभ काढली, म्हटलं. वाटलं, हसेल. तो मागांच्या खडखडाटापासून बाजूला गेला. मग —

"ताई, ते ठरवनाऱ्यात तू होती का?"

मी फोन ठेवला. मग कोणासाठी केलं मी!

३ फेब्रुवारी

कापलेल्या जिभेचा पॅथॉलॉजीचा अहवाल आला. गाठ मध्यरेषेपलीकडे गेलेली होती. अर्धी काढली असती तर कॅन्सर आतच राहिला असता. आसिम म्हणाले, "काय नजर आहे तुमची!" अन्नपूर्णाबाई पाया पडली.

मला पलीकडे काहीच दिसलं नव्हतं. शालिग्राम वाचला.