आधीचा फोटो

४ फेब्रुवारी, रविवार
आजपासून मी सेवा क्लबची सभासद. युवा विभागात मी एकटीच आहे, म्हणजे विभागप्रमुखही मीच. अध्यक्ष मॅडम दातांच्या डॉक्टर आहेत. त्या घंटा वाजवून सभा सुरू करतात. कोणाकडे आनंदाची बातमी असली तर ती सांगायची आणि डब्यात दंड टाकायचा, अशी तिथली पद्धत आहे. मी उठून सांगितलं की आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. टाळ्या. दंडही भरला.
भिंतीवर फोटोंच्या जोड्या लावल्यात: डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. उजवीकडच्या बऱ्याच चौकटी रिकाम्या आहेत. फोटो काढायचे राहिले असतील. समाजसेवेत वेळ कुठे असतो?
संकल्प: आमच्या इमारतीत अभ्यासिका उभारायची. तळमजल्यावर एक खोली रिकामी पडली आहे. मी बाबांच्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसून शिकले. पुढच्या पिढीच्या डोक्यावर निदान दुसऱ्याचे शर्ट लोंबू नयेत.

११ फेब्रुवारी
प्रकल्प मंजूर! मॅडम म्हणाल्या, आधी निधी. आणि निधीसाठी ‘आधी’चा फोटो.
अडचण एकच. आमची इमारत जुनी आहे, पण चौदा बिऱ्हाडं ती घासूनपुसून ठेवतात. क्लबचे फोटोग्राफर पाहून गेले आणि हिरमुसले. म्हणाले, ताई, असं नीटनेटकं दारिद्र्य कोणाच्या खिशाला हात घालत नाही.
विचार करावा लागेल.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
विचार केला. वीज गेली की बाबा जुनी कोळशाची इस्त्री काढतात. तिच्यातल्या विझलेल्या कोळशाने जिन्याच्या भिंतीवर भेगा काढल्या. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी मदत केली. त्यांचा हात कशिद्याचा, त्यामुळे त्यांच्या भेगा माझ्यापेक्षा नाजूक आल्या. रंगाऱ्याकडून बांबू आणून छताला टेकू दिले, म्हणजे नुसते उभे केले.
फोटोच्या वेळी मावशी हसू आवरेनात. फोटोग्राफर म्हणाले, आजी, जरा उदास व्हा. मावशी म्हणाल्या, आजी कोणाला म्हणतोस रे मेल्या? तो चेहरा उत्तम आला.
आईने आमच्या दारावरचा पडदा काढू दिला नाही. म्हणे, लोक काय म्हणतील? मी समजावलं, लोक देणगी देतील. ती म्हणाली, तुझं तूच बघ, माझ्या उंबऱ्याला हात लावू नकोस.
आईला विशाल दृष्टी नाही.

१४ फेब्रुवारी
आई ओलं फडकं घेऊन भेगा पुसायला निघाली होती. वेळेवर अडवलं. ‘नंतर’चा फोटो होईपर्यंत पुसायच्या नाहीत. प्रकल्पाची शिस्त असते.

१८ फेब्रुवारी
अहवाल लिहून झाला. नऊ पानं. आधी लिहिलं होतं, ‘इमारतीस डागडुजी आवश्यक आहे’. ते निर्जीव वाटलं. खोडून लिहिलं, ‘ही इमारत उद्याचा सूर्य पाहील की नाही, या भीतीने चौदा कुटुंबं रोज डोळे मिटतात.’ वाचताना माझंच मन भरून आलं.
मग सगळ्यांच्या सह्या. पहिली बाबांची. बाबा सही करतात तेव्हा आधी हात पुसतात. मावशींनी विचारलं, यात लिहिलंय काय गं? मी म्हटलं, आपल्या भल्याचं. तूच लिहिलंस ना? मग दे पेन, म्हणाल्या. बाकीच्यांनी तेवढंही विचारलं नाही.
केवढा विश्वास! मी त्याला पात्र ठरेन.

२५ फेब्रुवारी
निधीसाठीचं स्नेहभोजन. पडद्यावर आमचा जिना, शेजारी उभी राहून मी अहवाल वाचते आहे. ‘उद्याचा सूर्य’ आला तेव्हा चष्म्याच्या दुकानवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. क्लबच्या इतिहासात एका रात्रीत एवढ्या देणग्या आल्या नव्हत्या.
बोलावणं गेलं असूनही बाबा आले नाहीत. म्हणाले, एवढ्या कडक इस्त्रीच्या माणसांत मला चुकल्यासारखं होतं, सगळ्यांच्या कॉलरी माझ्या ओळखीच्या.

२८ फेब्रुवारी
आज खुद्द मालक आले. इमारतीचे मालक. सहा वर्षांत गळक्या पाइपासाठी तेरा चिठ्ठ्या पाठवल्या, तेव्हा फिरकले नाहीत. आज जिन्यात उभे राहून एकेक भेग पाहत होते. बोट मात्र लावलं नाही. माझ्याशी फार आदराने बोलले. स्नेहभोजनात वाचलेल्या अहवालाबद्दल ऐकलं म्हणे, त्याची प्रत मागितली. म्हणाले, आम्हाला कितीही पैसे देऊन असं लिहून घेता आलं नसतं, मुली.
दोन प्रती दिल्या. वाचकवर्ग वाढतो आहे.
ते गेल्यावर मावशी म्हणाल्या, हा माणूस हसला की माझ्या पोटात गोळा येतो. मावशींना पित्ताचा त्रास आहे.

५ मार्च, सकाळी
महापालिकेचे अभियंते आले. सोबत टेप धरणारा एक माणूस. तो नुसता मोजायचा आणि अंगठ्याने टेप परत आत सोडायचा, सर्रर्र. अभ्यासिकेच्या परवानगीचंच काम असणार. मी स्वतः पुढे होऊन सगळ्यात वाईट जागा दाखवल्या. बांबूंना हात लावू नका, असंही सांगितलं. पडले असते.
चहा नको म्हणाले. जाताना अहवाल पुढे धरून विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? मी हो म्हटलं. सह्या खऱ्या आहेत? मी म्हटलं, एकूण एक.
छान लिहिता, म्हणाले. पण हसले नाहीत. सरकारी माणसाने कौतुक करावं आणि हसूही नये, हे जरा विचित्र वाटलं.

८ मार्च
प्रत्येक दारावर लाल रंगाने आकडा घातला आहे. आमचा तीन, मावशींचा अकरा. सकाळी उठलो तर होता. मी सगळ्यांना समजावलं की पाहणी झाली म्हणजे क्रमांक देतातच. मावशी म्हणाल्या, आकडा घालायचा तर पाटीवर घालावा, फुली मारल्यासारखा दारावर कशाला? आईने रॉकेलने घासून पाहिला. निघाला नाही.

१४ मार्च, गुरुवार
जिन्यात कागद चिकटवला आहे. सगळे म्हणाले, तूच वाच. मी मोठ्याने वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदानंतर आवाज लहान झाला. इमारत अतिधोकादायक. सोमवार, पंचवीस मार्चपर्यंत खाली करावी. आधार: मालकांनी सादर केलेला अहवाल, रहिवाशांच्या सह्यांसह. हरकत असल्यास गुरुवार एकवीस मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावी.
सगळ्यांची नजर भिंतीवरच्या भेगांकडे गेली. मग मावशी म्हणाल्या, अगं, पण त्या भेगा तर आपण काढल्या ना?
मी म्हटलं, काळजी नको. मी अर्ज लिहिते. लिहिणं हे माझं क्षेत्र आहे.

१५ मार्च
मॅडमच्या दवाखान्यात गेले. खुर्चीवर पेशंट आ करून बसलेला. सगळं सांगितलं. मॅडम आरशाने त्याची दाढ पाहत म्हणाल्या, भेगा खोट्या होत्या असं कळवलंस तर देणगीदारांनी कशासाठी पैसे दिले? अहवालावर क्लबची नाही, तुझी सही आहे. फसवणूक म्हणतात याला. मग म्हणाल्या, अजिबात बोलायचं नाही हं आता. मला की पेशंटला, ते कळलं नाही. आम्ही दोघेही गप्प राहिलो.
निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, क्लब वाऱ्यावर सोडणार नाही. पुढचा प्रकल्प बेघर कुटुंबांसाठीच घेऊ. ‘आधी’चा फोटो तर आहेच.

१७ मार्च
अर्जाचा पहिला खर्डा. इमारत धोकादायक म्हटली तर घर जातं. नाही म्हटली तर मी खोटारडी ठरते. यातून भाषेनेच वाट काढली पाहिजे. ‘सदर भेगा प्रतीकात्मक स्वरूपाच्या होत्या.’ सुंदर वाक्य. पण अभियंत्यांना प्रतीकं कळतील का?

१९ मार्च
खर्डा चौथा. ‘अतिशयोक्ती हा अलंकार असून’ इथून सुरुवात केली आहे. अकरा पानं झाली. ‘खोटं’ हा शब्द कुठेही न येऊ देता सगळं आलं आहे.
मावशी दिवसातून चारदा दारात येतात. झालं का गं? मी म्हणते, भाषा जमायला वेळ लागतो. त्या म्हणतात, बाई, तू भेगा एका संध्याकाळी काढल्यास.
खालच्या दोन बिऱ्हाडांनी भांडी पोत्यात भरली. बाबांनी गिऱ्हाइकांचे कपडे परत द्यायला सुरुवात केली. कोणाला कारण सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, या खेपेला घडी जरा घाईत झाली, सांभाळून घ्या.

२१ मार्च, दुपारी ४
सुवाच्य प्रत करायला बसले आहे. सातव्या पानावर शाई सांडली, ते पुन्हा लिहिलं. पाच वाजेपर्यंत पोचणं कठीण. पण एका दिवसाने काय बिघडतं? तिथे फायली वर्षानुवर्षं झोपलेल्या असतात. आणि गबाळा अर्ज देण्यापेक्षा उद्या नेटका दिलेला बरा.

२२ मार्च, शुक्रवार
दहाला कार्यालयात पोचले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज तळहातावर ठेवून वजन केल्यासारखा हलवला. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. तुम्हाला नेमकं म्हणायचंय काय, असं विचारलं. मी मान खाली घालून म्हटलं, भेगा कोळशाच्या आहेत. आम्हीच काढल्या.
एवढंच? तो म्हणाला. मग ही एक ओळ काल पाचच्या आत द्यायची होती. पुन्हा पाहणी लागली असती, काम थांबलं असतं. आता वरून आदेश निघाला, बाई, सोमवारी इमारत खाली.
मी म्हटलं, एकच दिवस. तो म्हणाला, हो, एकच. अर्ज मात्र घेतला. वर शिक्का मारला: ‘मुदतीनंतर प्राप्त’. शिक्का अगदी सरळ उमटला.
घरी आले तर सगळी बिऱ्हाडं जिन्यात उभी. बाबांनी तीन गाठोडी बांधून ठेवलेली, टेबलाचे पाय सोडायला पाना हातात. त्यांनी विचारलं, झालं का?
मी म्हटलं, अर्ज दिला.
घेतला त्यांनी?
घेतला. शिक्काही मारला.
शिक्का मारला म्हणजे झालंच की, बाबा म्हणाले आणि वळून सगळ्यांना सांगितलं, पोरीने दिला बरं का! मावशींनी माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. कोणीतरी पोती उलटी करून भांडी काढायला लागलं.
मी जे बोलले त्यात चुकीचं काही नाही. बाकीचं रात्री सांगेन. किंवा उद्या. नीट शब्दांत सांगायला हवं.
बाबांनी गाठोडी सोडली आणि इस्त्री तापत टाकली. आत्ताच समोरच्या शाळेच्या बाई साड्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. कधी मिळतील, म्हणाल्या. बाबांनी हात पुसून साड्या मोजून घेतल्या आणि म्हणाले, मंगळवारी या.