शेवटी बोलायचं ठरवलं होतं

बालीगंज, मंगळवार, २० ऑगस्ट

आज आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्वयंपाकाची बैठक माझ्याकडेच झाली. यंदा प्रमुख मी. ह्यांचं बँकेच्या ट्रेनिंगमधलं पुस्तक, माणसं एकत्र काम करताना कशी वागतात त्यावरचं, मी तीन महिने शब्दकोश घेऊन वाचलं होतं. प्रमुखाने आधी सगळ्यांचं ऐकावं, स्वतः शेवटी बोलावं, या ओळीखाली ह्यांची पेन्सिलची रेघ आहे. म्हणून गप्प बसले. कामांची वाटणी कागदावर तयार होती, तरी गप्प.

शेवटी मंडळातली शुभाच म्हणाली, "वहिनी, तुम्ही अजून सावरला नाहीत. यंदा राहू दे, मी बघते."

"अगं, मी ऐकत होते."

"तेच ना! एक अक्षर बोलला नाहीत."

मंडळातल्या थोरल्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला आणि काम शुभाकडे गेलं. इतक्या मायेने घेतलं की भांडू कोणाशी?

हे गेल्यापासून सावरले नाही, ते खरंच. पण म्हणून तर हे काम हवं होतं.

आणि ती रेघ... घरात हे स्वतः कधी थांबले शेवटपर्यंत? माझं वाक्य अर्ध्यात तोडायचे. कागद त्याच पानात ठेवलाय. शेवटी म्हणजे नेमकं कधी, हे विचारायचं राहिलं.