क्लचवरचा पाय

३ फेब्रुवारी '८७, मंगळवार
नामदेवचा ट्रक सकाळीच परत दारात. गेल्या बुधवारी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन घालून दिलं होतं. आठवडासुद्धा झाला नाही. म्हणतो, "दत्ता, पेडल लागतच न्हाई पायाला. मेल्यागत वाटतंय."
मी बसून दाबून बघितलं. मला तर नीट लागलं. जुनी प्रेशर प्लेट जड झाली होती, दोन वर्षं हा सगळ्या अंगाचा भार टाकून क्लच दाबत होता. नवीन हलकी आहे, होईल सवय, असं सांगितलं. ऐकेना. शेवटी खाली शिरून क्लचची दांडी आवळली, पेडलवर पाय ठेवला की लगेच पकडेल अशी. खूश होऊन गेला.
आवळायला नको होती. पेडलला दोन बोटं ढील लागते. नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेट घासत बसते. हे मला झोपेतही माहीत आहे. पण मित्र मागे लागला होता आणि मला वाद घालायचा कंटाळा आला होता. हल्ली बऱ्याच गोष्टी कंटाळ्यापोटी होतात.

७ फेब्रु., शनि.
व्हायचं ते झालं. खाणीतून खडी भरून चढ चढताना इंजिन बोंबलतंय आणि ट्रक जागचा हलत नाही. दुसऱ्या ट्रकला दोर बांधून गॅरेजपर्यंत ओढत आणला. गिअरबॉक्स उतरवला. दहा दिवसांची प्लेट, काळीठिक्कर. जळका वास कपड्यांना लागला तो घरापर्यंत.
ट्रकच्या मालकाला, शेठला, सांगितलं, चूक माझी, दांडी जास्त आवळली गेली. खोटं नाही ते. शेठने नुसती मान हलवली. त्याचे तिन्ही ट्रक माझ्याकडे येतात. चारकोपला नवे सेक्टर उठतायत, खडीच्या फेऱ्या सकाळपासून चालू असतात, एक ट्रक उभा राहिला की त्याचा जीव वरखाली होतो.

९ फेब्रु., सोम.
परत सगळं बांधलं. या वेळी ढील मोजून दोन बोटं. नाम्या आला, दाबलं, तोंड वाकडं. "पुन्हा मेलं बघ."
"मेलं तर मेलं. हात लावू नकोस त्या दांडीला."
रागावून गेला. पाठ मोडलीय. पन्नाशीत गिअरबॉक्स छातीवर घ्यायचं काम नव्हे.

१३ फेब्रु., शुक्र.
तिसऱ्यांदा. जळाली नाही, पण चार दिवसांत प्लेट अर्धी खल्लास. बेअरिंग किंचाळतंय. एकेक गोष्ट तपासली. प्लेटवर तेल नाही. प्लेट उलटी बसलेली नाही. प्रेशर प्लेटची बोटं एका उंचीला. फ्लायव्हील साफ. सगळं बरोबर. सगळं बरोबर असून बिघडतं तेव्हा डोकं फिरतं.
शेठ दुपारी आला. आवाज न चढवता बोलतो, त्याची जास्त भीती वाटते. "दत्ताराम, एका महिन्यात तीन प्लेटा? तुझा हात बिघडला की त्याचा पाय? एक काय ते मला सांग. एकाला तर बदलावा लागेल."
नाम्या बाजूलाच उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, बघतो शेठ.
आज मनात आलं की खरंच आपला हात गेला असेल. सौ.ला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हात गेलो असतो तर बाकीचे दोन ट्रक कशे चलतत?" हे मला सुचलं नव्हतं.

१४ फेब्रु., शनि.
पहाटेच ट्रक जोडून दिला आणि पहिल्या फेरीला स्वतः बसलो, नाम्याच्या शेजारी.
तो केबिनमध्ये चढताना चपला बाहेर पायरीवर काढतो. आजची गोष्ट नाही, बारा वर्षं बघतोय. आत समोर बुद्धाची तसबीर आहे, रोज ताजं फूल. ज्यावर पोट चालतं तिथे चप्पल घालून बसायचं नाही, म्हणतो. अनवाणीच चालवतो.
खाणीपासून चारकोपपर्यंत मी रस्ता बघितलाच नाही, त्याचा डावा पाय बघत होतो. गिअर पडला, क्लच सुटला, तरी पाय पेडलवरच. जड नाही, नुसता ठेवलेला. पण तेवढं पुरतं. दोन बोटं ढील त्यातच जाते.
म्हटलं, "नाम्या, पाय काढ क्लचवरून."
"काढलाय की."
"अरे आहे पेडलवर."
"काढलाय म्हणतो ना! वीस वर्षं चालवतोय, तू मला शिकव आता."
माझं टाळकंच सटकलं. ही खोड सगळ्या ड्रायव्हर लोकांना असते आणि कबूल एकही करत नाही. पण समोर पाय दिसत असताना तोंडावर खोटं? माझं नाव शेठपुढे धुळीला मिळत असताना? नको ते बोललो. लिंक रोडला उतरून चालत गॅरेजला आलो.

१६ फेब्रु., सोम.
कसं लिहू कळत नाही.
सकाळी ट्रक आला. नाम्या अजून रागातच, पायरीवरच्या चपला न घालता तसाच उतरून पाणी प्यायला गेला, परत येऊन केबिनमध्ये बसला. मी ढील बघायला आत वाकलो, तर क्लच पेडलचं रबर ओलं. ऑइल म्हणून बोट लावलं. रक्त.
त्याचा पाय हातात घेतला. तळव्यात तुटकी लोखंडी कॉटर पिन, अर्ध्या बोटाएवढी, आत रुतलेली. माझ्याच गॅरेजच्या जमिनीवरची. तिच्यावर चालत तो पाण्यापर्यंत गेला आणि परत आला.
"दुखत नाही तुला?"
खाली वाकून बघितलं त्याने. "कधी लागलं हे?" म्हणाला. मलाच विचारत होता.
पिन काढली, धुतलं, फडकं बांधलं. टाचेजवळ एक भाजल्याचा फोडही होता, इंजिनकडचा पत्रा तापतो त्याचा. तोही त्याला माहीत नव्हता. मग त्याला म्हटलं, डोळे मीट. पाय उचलून पेडलवर ठेवला.
"पाय कुठे आहे, सांग."
"खाली. फळीवर."
डोळे उघडून त्याने बघितलं. पाय पेडलवरच होता.
शनिवारी तो खोटं बोलत नव्हता. पेडल मेलं म्हणत होता तेही खरंच सांगत होता. जुना क्लच जड होता म्हणून मांडीला तरी कळत असणार. मी हलका घातला आणि तेवढंही गेलं. आणि मी दांडी आवळत बसलो.
मला माझीच लाज वाटली.

१७ फेब्रु., मंगळ.
त्याला घेऊन डॉक्टरकडे. रक्तात साखर, तीही बरीच वर्षं असावी, पायाची जाणीव त्यानेच गेली, म्हणाले. गोळ्या, चहा बिनसाखरेचा, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. गेलेलं परत येईल का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवा.
बाहेर आल्यावर नाम्या म्हणाला, "शेठला सांगू नको. प्लेट खराब लागली म्हण, तुझा हात चुकला म्हण, काय पण म्हण. स्टिअरिंग सोडून मला दुसरं काय येतं?"
मी हो म्हटलं. माझ्या थोरल्या मुलीला ताप डोक्यात गेला होता त्या पावसात याने भरलेला ट्रक रस्त्यात रिकामा केला आणि तिला हॉस्पिटलात पोचवलं. शेठचं काय काय ऐकून घेतलं तेव्हा. कधी बोलून दाखवलं नाही.

१९ फेब्रु., गुरु.
दोन दिवस एकच विचार. त्याच्या पायाला कळत नाही, पण डोळ्यांना तर कळतं.
ब्रेकच्या लाइटचा जुना स्विच होता. तो क्लचच्या दांडीवर बसवला, तिथून वायर वर नेऊन तसबिरीखाली लाल बल्ब. पेडल जरा जरी दबलं की बल्ब पेटतो. डाव्या बाजूला पाय टेकायला लाकडी ठोकळाही ठोकला. चपलांवरून वाद झाला. शेवटी कधी बाहेर न घातलेले नवे कॅनव्हासचे बूट आणायचे, ते फक्त केबिनमध्ये घालायचे, यावर तयार झाला. तसबिरीला आधी हात जोडून काहीतरी पुटपुटला, मग घातले.
बल्ब पेटला, त्याने पाय ठोकळ्यावर ठेवला, विझला. परत पेटवला, परत विझवला. हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.
"झकास रे दत्ता. आता बुद्ध पण बघतोय आणि तू पण."

२१ फेब्रु., शनि.
दोन दिवस भरलेल्या फेऱ्या. खालून झाकण काढून बघितलं, प्लेट नव्यासारखी. वास नाही, आवाज नाही. शेठने खांद्यावर हात ठेवला, "बघ, हात बसला तुझा." मी मान खाली घातली. स्तुती अशी टोचते हे माहीत नव्हतं.
बल्ब कशाला विचारलं त्याने. बॅटरी चार्जिंगचा आहे म्हणालो.

२२ फेब्रु., रवि.
सुट्टी. जेवताना सौ.ला सगळं सांगितलं, बल्बसकट. मला वाटलं शाबासकी देईल. भात वाढता वाढता म्हणाली, "आणि दुसरो पाय?"
घास तसाच राहिला.
क्लचचं मी इतकं घेऊन बसलो की... ब्रेक उजव्या पायाचा. मला, मेकॅनिकला, हे दिसलं नाही.
तसाच उठून नाम्याच्या घरी. खाटेवर बसला होता, बायको बिनसाखरेचा चहा देत होती. म्हटलं, "नाम्या, उजवा पाय दाखव. डोळे मीट."
"तो बराय."
"असेल. पण बघू दे."
त्याने पाय खाटेखाली ओढून घेतला. डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे विनवल्यासारखं बघत होता. बायको कपबशी धरून तशीच उभी. मग तो हळूच म्हणाला, "दत्ता, तू बल्ब लावलास ना. बास की तेवढं."
ब्रेकला बल्ब लावून काय उपयोग? पेटेल तेव्हा दाबलेला असेल. दाबायचा राहिला तर काय पेटणार?
घरी आलो. सौ. म्हणते, "मित्र तुमचो. तुमीच सांगूक होया." कोणाला, शेठला की नाम्याला, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.
चारकोपच्या रस्त्याला शाळा झालीय नवीन. तिथून खडी भरलेला ट्रक दिवसातून आठ वेळा जातो.
शेठ उद्या नऊला गॅरेजवर येतो म्हणालाय, दुसऱ्या ट्रकचं काम दाखवायला. नाम्याची पहिली फेरी सातची असते. शेठला नऊला सांगितलं तरी तोवर तो शाळेवरून जाऊन आलेला असेल.