ओळखीचंच आयोडीन

प्रिय ताई,

या वेळी लांबूनच वाकून नमस्कार. काल गोळी घेतली. त्रास काही नाही, जेवण दाराशी येतं.

गोळीत आयोडीन आहे. मी विचारलं, "मिठातलंच का हो?" डॉक्टरीणबाई हसल्या. "तेच! अणूत त्रेपन्न प्रोटॉन, म्हणून ते आयोडीन. मिठातल्याचा वस्तुमानांक एकशे सत्तावीस, याचा एकशे एकतीस. चार न्यूट्रॉन जास्त, म्हणून हे किरणं सोडतं." गळ्यातल्या ग्रंथीच्या पेशींना हा फरक कळतच नाही. त्या नेहमीचं समजून ते आत घेतात आणि उरलासुरला कॅन्सर आतूनच जळतो. काय डोकं लावलंय बघ! ज्याला हे सुचलं, त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

चिमी नीट जेवते ना? वेणी घालताना रडते का? घरी आल्यावरही थोडे दिवस तिला जवळ घ्यायचं नाही, म्हणतात. ती धावत येईल गं. तिला आत्तापासूनच सांगून ठेव, आई तीच आहे, फक्त लांबून बघायची.

हा कागद खोलीबाहेर जाणार नाही, म्हणून फोटो पाठवतेय. फोटोतून किरणं येत नाहीत. तिला माझ्या अक्षराचा खुशाल पापा घेऊ दे.

तुझी,
धाकटी